चेनला आंघोळ घातली का?

शुक्रवारी संध्याकाळचे पाच वाजले की अर्ध्या ऑफिसचं लक्ष स्क्रीनवर नसतं. कुणीतरी हळूच विचारतं, "उद्या काय सीन?" आणि उत्तर ठरलेलं असतं, "अलिबाग!" ठाण्याचा असो, डोंबिवलीचा असो की वाशीचा, नवी बाईक घेतली की पहिली मोठी राईड रायगडच्या किनाऱ्यावर. मग आपण टायरची हवा बघतो, टाकी फुल करतो, गॉगल पुसतो. गाण्यांची लिस्ट तर आठवडाभर आधीच तयार असते. एका गोष्टीकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. मागच्या चाकापाशी लोंबणारी, काळी, तेलकट, बिचारी चेन.

मीही बघत नव्हतो. बघायला शिकवलं ते मुरुडच्या एका गॅरेजवाल्या चाचांनी. त्या शिकवणीची फी माझ्या बहिणीच्या गुडघ्याने भरली आणि एका हळदी समारंभाने. म्हणून ही गोष्ट सांगतोय.

हा रस्ताच तसा आहे

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली आणि आपल्यासारख्यांची चांदी झाली. पेण-वडखळचा ट्रॅफिक नाही, ट्रकचा धूर नाही. बाईकसकट बोटीत चढायचं, चहा प्यायचा, तासाभरात मांडवा! तिथून अलिबाग, मग नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्या, चौल, रेवदंडा. कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की साळाव. पुढे कोर्लई, जिथे आजही पोर्तुगीजमधून जन्मलेली एक बोली घराघरात बोलली जाते. मग काशीद, मुरुड, आगरदांडा. आगरदांड्याला बाईक पुन्हा बोटीत. इथले लोक तिला 'जंगलजेट्टी' म्हणतात. पलीकडे दिघी, मग दिवेआगर आणि तिथून शेखाडी-आरावीमार्गे श्रीवर्धन. हा शेवटचा पट्टा म्हणजे निव्वळ सुख आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला हात लांब केला तर भिजेल इतका जवळ समुद्र.

आता यातला प्रत्येक टप्पा चेनच्या नजरेतून बघा. बोटीवर खारे शिंतोडे. नागावला रस्त्यावर उडालेली रेती. आरावीला लाटांचे तुषार. आणि सगळीकडे, दिवसरात्र, खारा वारा. आपण ज्याला 'काय मस्त हवा आहे!' म्हणतो, ती हवा लोखंडासाठी मस्त नसते.

कारण साधं आहे. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात डबीतलं मीठ कसं ओलं होतं, तसंच. चेनवर बसलेल्या मिठाच्या पातळ थरामुळे चेन वरून कोरडी दिसली तरी आतून ओलसर राहते आणि ओल्या पोलादाला मीठ लागलं की गंज भराभर चढतो. त्यात वाळू. तेलात मिसळलेली वाळू म्हणजे धार लावायची कानसच. फरक इतकाच की ती तुमच्याच चेनला आतून घासत असते.

एक फोटो, तीन आठवडे

माझा पराक्रम नोव्हेंबरमधला. काशीदच्या ओल्या वाळूवर बाईक नेली. मागे समुद्र, पुढे मी, मधे बाईक. फोटोला लाईक्स पण भरपूर आले. घरी येऊन टाकी आणि मडगार्ड पुसलं, वर कव्हर घातलं आणि तीन आठवडे विसरून गेलो. कव्हरच्या आत ओल कोंडून राहते, हे कोणाच्या डोक्यात येतं?

(आणि हो, किनाऱ्यावर गाडी नेणं हाच मुळात गाढवपणा. बऱ्याच ठिकाणी त्याला बंदी आहे. तिथे पोरं खेळत असतात, आणि दिवेआगर-हरिहरेश्वरच्या वाळूत तर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. आपल्या एका फोटोसाठी एवढं सगळं चिरडायचं?)

डिसेंबरात मावसबहिणीचं लग्न, श्रीवर्धनला. आदल्या संध्याकाळी हळद. घरचे गाडीने पुढे गेले. मी म्हटलं, आपण बाईकने जाऊ. लहान बहीण मागे बसली. रो-रोतून उतरल्यापासूनच मागून 'कर्र... कर्र...' आवाज येत होता. अलिबागला थांबून मी त्यावर थोडं इंजिन ऑईल ओतलं. आवाज कमी झाला. मी खूश!

काशीद सोडलं. नांदगावच्या अलीकडे एक उतार, त्यावर वळण. वेग जेमतेम चाळीस. अचानक मागे 'खाड्' झालं आणि चाक जागीच अडकलं. चेन दात्यांवरून उतरून मधेच अडकली होती. बाईक आडवी झाली, आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला. मागून एसटी येत होती. ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला म्हणून मी आज हे लिहितोय. तो खाली उतरला, आधी बहिणीला पाणी दिलं, मग मला झापलं. "स्वतः पडायचं ते पड. पोरीला कशाला पाडतोस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बहिणीचा गुडघा आणि तळहात सोलवटले होते. मला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं, त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

मासळीच्या एका रिकाम्या टेम्पोत बाईक टाकून आम्ही मुरुडला आलो. दवाखान्यात बहिणीच्या गुडघ्याला पट्टी झाली. ती म्हणाली, "दादा, मी पुढे जाते. एकाने तरी हळदीला पोचायला हवं." ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर ती रिक्षाने आगरदांड्याला गेली आणि बोट पकडून पोचलीसुद्धा. मी चाचांच्या गॅरेजमध्ये.

चाचांची शाळा

गॅरेज म्हणजे एक पत्रा, एक बल्ब आणि भिंतीला टांगलेले पाने. एका कोपऱ्यात कुणाच्या तरी बोटीचं डिझेल इंजिन उघडून ठेवलेलं. सगळा गाव त्यांना चाचा म्हणत होता, म्हणून मीही म्हटलं. त्यांनी चेन काढून हातात घेतली आणि मधून वाकवली. काही कड्या वाकल्या त्या तशाच राहिल्या, सरळ होईनात.

"ह्या बघा. गुडघे धरलेत हिचे," ते म्हणाले. "वाळूत घातली होती ना?"

मी मान खाली घातली.

"मग आंघोळ घातली का नंतर?"

"गाडी पुसली होती..."

"गाडी नाय विचारत. चेन. तुम्ही समुद्रातून आल्यावर अंगावर गोडं पाणी घेता का नाय? मग हिला कोण घालणार?" मग बोटीच्या इंजिनाकडे हात करून म्हणाले, "हे असू दे नायतर तुमची मोटारसायकल. खारं पाणी कुणाचं पाव्हणं नाय."

खरं सांगतो, कोकणात हे कुणाला शिकवावं लागत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा कोळी बांधव होड्या वर ओढून शाकारतात, इंजिनाची डागडुजी करतात, ग्रीस भरतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच पुन्हा पाण्यात. समुद्राशी ज्यांचं रोजचं देणंघेणं आहे ते त्याला गृहीत धरत नाहीत. गृहीत धरतो ते आपण, वीकेंडवाले.

बरं, या किनाऱ्याचं आणि लोखंडाचं नातं तसं गमतीचंच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली. तिथली इमारत मुद्दाम चुंबकाला न जुमानणाऱ्या दगडाची बांधली. आणि जंजिऱ्यावरची कलालबांगडी तोफ पंचधातूची असल्याने तिला गंज नाही, असं गाईड छाती फुगवून सांगतात. आपली चेन मात्र ना वेधशाळेत, ना पंचधातूची. साध्या पोलादाची आहे. तिला तेलच लागणार.

चेन लांबते म्हणजे काय?

चाचा कड्या डिझेलमध्ये बुडवता बुडवता बोलत होते, मी ऐकत होतो. आज आपण वापरतो त्या चेनची घडण १८८० ची. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड या कारखानदाराने ती शोधली. आत पिन, तिच्यावर नळी, नळीवर फिरणारा रोलर. एवढ्या वर्षांत मूळ कल्पना बदललेली नाही. नव्या बाईकच्या बऱ्याच चेनमध्ये एक भर पडली. प्रत्येक जोडाला रबराची बारीक चकती, म्हणजे ओ-रिंग. कारखान्यात आत भरलेलं ग्रीस बाहेर जाऊ नये आणि धूळ-पाणी आत येऊ नये म्हणून.

'चेन सैल झाली, लांबली' असं आपण म्हणतो. पण पोलाद काही चिंगमसारखं ताणलं जात नाही. प्रत्येक पिन थोडी झिजते, एवढंच. आता हिशेब करा. समजा १२० जोड आहेत आणि प्रत्येक जोडात मिलिमीटरचा फक्त दहावा भाग झिजला. एकूण झाले १२ मिलिमीटर. छोट्या बाईकच्या चेनमध्ये दोन पिनांतलं अंतरच १२.७ मिलिमीटर असतं. म्हणजे जवळजवळ एक अख्खी कडी वाढली! मग ती दात्यांवर नीट बसत नाही, उड्या मारते आणि एक दिवस उतरते. कुठल्या वळणावर, ते तिच्या मर्जीवर.

चाचांनी खराब कड्या काढल्या, हाताशी होत्या त्या घातल्या आणि चेनलॉक लावला. त्याची छोटी क्लिप माझ्यासमोर धरली. "हा मासा बघा. हे बंद तोंड, ही फाटकी शेपूट. मासा कसा पोहतो? तोंड पुढे. चेन जिकडे धावते तिकडे तोंड. उलटा लावलात तर कशाला तरी अडकून निघून जाईल." चेनलॉकची दिशा मी जन्मात विसरणार नाही.

"ही तात्पुरती," ते म्हणाले. "घरी गेलात की चेन आणि दोन्ही दातेरी चाकं, सगळं एकदम नवीन टाका. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन टाकलीत तर महिन्यात तीपण म्हातारी. आणि तोवर चाळीसच्या वर नाय."

रात्र मुरुडला काढली. सकाळी पहिल्या बोटीने दिघी, आणि मग चाळीसच्या वेगाने दिवेआगर, शेखाडी, आरावी. त्या रस्त्याने मी चार-पाच वेळा तरी गेलो असेन. पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने मोडलेल्या वाड्यांमध्ये नव्याने लावलेल्या पोफळी मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं एवढं नाव, पण पोफळीला पीक धरायला वर्षं लागतात. वाडीवाले नव्या रोपांना पाणी घालत होते. कुणी घाईत नव्हतं. मी पण नव्हतो!

अक्षता चुकल्या. जेवणाची पंगत मिळाली. मावशी ताटात मोदक वाढता वाढता म्हणाली, "चेन महत्त्वाची की बहीण, ते ठरव बाबा." मला वाटतं, त्या दिवशी दोन्ही एकच होत्या.

रविवारची अर्धी तास पूजा

आपल्याकडे गाडीला आंघोळ वर्षातून एकदा, दसऱ्याला. झेंडूचा हार, हळदकुंकू, लिंबू. चेनच्या वाट्याला तेव्हाही काही येत नाही. पण हे काम घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, अर्ध्या तासात होतं. माझी पद्धत सांगतो.

किनाऱ्यावरून आलात की त्याच संध्याकाळी चेनवर गोडं पाणी घाला. बादली आणि मग पुरेसा आहे. सर्व्हिसिंगवाल्याकडचा जोरदार फवारा थेट चेनवर नको, तो ओ-रिंगच्या आत पाणी घुसवतो. मग फडक्याने पुसून वाळू द्या. मीठ गेलं, निम्मी लढाई जिंकलात.

आता सफाई. बाईक सेंटर स्टँडवर घ्या. तो नसेल तर मागचं चाक उचलणारा स्टँड आणा, नाहीतर साईड स्टँडवर लावून थोडी थोडी पुढे ढकलत काम करा. इंजिन बंद, चावी खिशात. हे ठळक लिहिलंय कारण 'गिअरमध्ये टाकून चाक आपोआप फिरवू' हा शहाणपणा करणाऱ्यांची बोटं चेन आणि दात्यांच्या मधे गेली आहेत. चाक हातानेच फिरवायचं, आणि फिरत असताना फडकं चेनजवळ न्यायचं नाही.

खाली जुने पेपर किंवा पिझ्झाचा खोका पसरा, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी तुमची पूजा करतील. घासलेट मिळालं तर उत्तम, नाहीतर चेन क्लीनरचा स्प्रे. पेट्रोल अजिबात नको. ते ओ-रिंगचं रबर खातं आणि पार्किंगमध्ये भडका उडायला एक ठिणगी पुरते. तारेचा ब्रशही नको. जुना टूथब्रश किंवा चेनसाठी मिळणारा मऊ ब्रश चालेल. चारही बाजूंनी घासा, काळं पाणी निघेल, निघू द्या. मग कोरड्या कापडाने पुसा. ते काळं घासलेट गटारात ओतू नका. पेपरात, चिंध्यांत शोषून घ्या आणि वेगळं बांधून टाका.

मग तेल. हे चेन थोडी कोमट असताना, म्हणजे एक छोटी फेरी मारून आल्यावर, छान मुरतं. ९० नंबरचं गिअर ऑईल किंवा चेन ल्यूबचा स्प्रे. तेल सोडायचं ते खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला, कारण चेन फिरली की ते आपोआप बाहेरच्या बाजूला सरकतं. चाक हाताने फिरवत दोन-तीन फेरे पुरेत. टायरवर आणि ब्रेकच्या डिस्कवर एक थेंबही नको! रात्रभर राहू द्या आणि सकाळी जास्तीचं पुसून टाका. चेन तेलात पोहायला नको, नुसती ओशट हवी. जास्तीचं तेल म्हणजे वाळूला आमंत्रण.

शेवटी ताण. खालच्या पट्ट्याच्या मधोमध बोटाने चेन वर-खाली करून बघा. बऱ्याच बाईकना २ ते ३ सेंटिमीटर हालचाल लागते. तुमच्या बाईकचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, बऱ्याचदा मागच्या चाकाजवळच्या स्टिकरवरही. चाक फिरवून तीन-चार जागी मोजा. फार घट्ट करू नका, दोघं बसले की चेन आणखी ताणली जाते आणि बेअरिंगचा जीव जातो. आणि मागच्या दातेरी चाकाच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने ओढून बघा. अर्धा दाता उघडा दिसला तर तेलाचा उपयोग नाही, दुकान गाठा.

बॅगेत एवढं असू द्या

- जुना टूथब्रश आणि दोन चिंध्या
- चेन ल्यूबची छोटी बाटली
- तुमच्या चेनच्या मापाचा एक जादा चेनलॉक (मासा लक्षात आहे ना?)
- मागच्या चाकाच्या नटाला बसणारा पाना
- रबरी हातमोजे, नाहीतर सोमवारच्या मीटिंगला नखं काळी

एरवी साधारण दर ५०० किलोमीटरला तेल. पावसात भिजली किंवा समुद्राला भेटली तर आकडा विसरा, त्याच दिवशी.

नवी चेन टाकून आता बरेच महिने झाले. परवा पुन्हा दिवेआगरचा बेत ठरला. बहीण हेल्मेट घेऊन खाली आली, पण बसली नाही. आधी वाकली, मागच्या चाकापाशी बोट फिरवलं आणि बोट माझ्या नाकासमोर धरलं. ओशट, स्वच्छ, सोनेरी.

"चल," म्हणाली.